मनाच्या आजारातली आणीबाणी: कुठलं दार ठोठवायचं आणि तिथे काय बोलायचं

रात्री पावणेदोनला कॅज्युअल्टीच्या काउंटरवर मी म्हणालो, "दादाला जरा टेन्शन आहे, झोप लागत नाही." ते वाक्य मला आजही टोचतं. तीन रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. शेजारचे आपल्याला मारायचा कट करताहेत, असं त्याला ऐकू येत होतं. त्याच संध्याकाळी तो दोनदा म्हणाला होता, "सगळं संपवून टाकतो." यातलं मी काहीच सांगितलं नाही, कारण मागे रांगेत ओळखीचे एक गृहस्थ उभे होते. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी बीपी बघितलं, झोपेची गोळी लिहून दिली आणि सकाळी ओपीडीत या म्हणाले. त्यांना तरी काय बोलणार? मी जेवढं सांगितलं, तेवढ्यावरच त्यांनी उपचार केले.

त्यानंतरच्या काही वर्षांत अशा आणखी रात्री आल्या, आमच्याकडे आणि ओळखीच्या घरांतही. नंबर माहीत नसण्यापेक्षा शरमेपोटी शब्द मवाळ केल्यानेच मदत जास्त वेळा उशिरा पोचते, हे त्यातून कळलं. म्हणून नंबरांइतकंच कुठे काय बोलायचं, तेही इथे लिहितो आहे. नंबर आणि कायदा भारतातला आहे, काही तपशील महाराष्ट्रातले.

तुम्ही स्वतःच त्या अवस्थेत असाल तर

बाकीचा लेख राहू दे. १४४१६ लावा. जीव द्यायची तयारी झाली असेल किंवा काही करून बसला असाल तर ११२ किंवा १०८. मग घरातल्या किंवा शेजारच्या एका माणसाला उठवा आणि एवढंच म्हणा: "मला जीव द्यावासा वाटतोय. मला एकटं सोडू नकोस." कारणं आत्ताच सांगायला हवीत असं नाही. ज्या वस्तूने किंवा ज्या जागी काही करून घ्यायचा विचार येतोय, तिथून उठून दुसऱ्या खोलीत, माणसं असतील तिथे जा. ही लाट चढते तशी ओसरतेही. ती ओसरेपर्यंत सोबत कुणीतरी हवं.

आणीबाणी कशाला म्हणायचं

माणूस खूप रडतोय, चिडचिड करतोय, दोन दिवस धड जेवला नाही, याला मदत लागते, पण त्यासाठी उद्याची सकाळ चालते. पुढच्या गोष्टींना सकाळपर्यंत थांबू नका: जीव देण्याबद्दल बोलणं, त्याची तयारी करणं किंवा तसा प्रयत्न करणं, दुसऱ्याला मारण्याची धमकी, विशेषतः हातात काही असताना, आवाज ऐकू येणं आणि ते आवाज "अमुक कर" असा हुकूम देत असणं, अन्नपाणी पूर्ण बंद, एका जागी पुतळ्यासारखं बसून राहणं, हाकेला ओ नाही, किंवा दिवस कुठला, आपण कुठे आहोत, याचंच भान सुटणं.

बाळंतिणीचं वेगळं सांगतो, कारण तिथे घोटाळा फार होतो. बाळंतपणानंतर, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, ती अचानक असंबद्ध बोलू लागली, झोपेनाशी झाली, बाळाबद्दल विचित्र काही सांगू लागली, तर त्याला "बाळंतपणाचा थकवा" म्हणून सोडू नका. आई आणि बाळ दोघांच्या दृष्टीने ती आणीबाणी आहे. बाळाला तिच्याजवळ एकटं ठेवायचं नाही आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

जीव देण्याचा संशय असेल तर सरळ विचारा. "तसलं काही डोक्यात नाही ना?" असं विचारलं की उत्तर "नाही" येतं, कारण प्रश्नातच ते हवं असतं. "जीव द्यायचे विचार येतात का? कसा द्यायचा हे ठरवलंयस का? कधी?" असं विचारायचं. विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात शिरत नाही, यावर पुरेसं संशोधन झालेलं आहे. उलट कुणीतरी विचारलं, याने बऱ्याच जणांना हायसं वाटतं. "कसा" आणि "कधी" या दोन्हींची उत्तरं तयार असतील तर पुढे चर्चा नको. त्याला एकटं सोडायचं नाही आणि फोन लावायचा.

कुठला नंबर कशासाठी

११२ हा देशभरचा आणीबाणीचा नंबर. पोलिस, अग्निशमन, रुग्णवाहिका, सगळं त्यावरून मिळतं. हिंसा होतेय, हातात शस्त्र आहे, माणूस गच्चीवर किंवा पाण्याच्या काठावर आहे, घरातून निघून गेलाय, अशा वेळी ११२. काही गिळलंय, जखम आहे, शुद्ध हरपलीय, झटके येताहेत, तर महाराष्ट्रात १०८ची रुग्णवाहिका.

१४४१६ म्हणजे टेली-मानस. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ही सेवा सुरू केली. चोवीस तास चालते, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. १८००-८९१-४४१६ हाही त्याच सेवेचा नंबर. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज पडली तर वरच्या तज्ज्ञांकडे जोडून देतात. घरच्यांनीही हा फोन लावावा. "माझा भाऊ असा वागतोय, मी आत्ता काय करू?" हा प्रश्न तिथे चालतो. एक मर्यादा लक्षात ठेवा. समुपदेशक तुमच्या दारात येऊन माणसाचा हात धरू शकत नाही. जीव आत्ता धोक्यात असेल तर आधी ११२ किंवा १०८, मग हा. लहान मुलांसाठी १०९८, घरात मारहाण सोसणाऱ्या बाईसाठी १८१, ज्येष्ठांसाठी १४५६७.

फोनवर पहिलं वाक्य पत्त्याचं असावं. फोन मध्येच कटला तरी गाडी निघायला हवी. मग वय, काय घडलं, आत्ता काय चाललंय, हातात काही आहे का. उदाहरणार्थ: "पत्ता लिहून घ्या. अमुक इमारत, दुसरा मजला, देवळासमोरची गल्ली. चौतीस वर्षांचा पुरुष. मानसिक आजाराचे उपचार चालू होते, महिनाभर औषध बंद आहे. जीव देतो म्हणतोय, खोलीची कडी लावून बसलाय. गुन्हेगार नाही, आजारी आहे. हातात काही दिसत नाही." ११२ला हे "गुन्हेगार नाही, आजारी आहे" मुद्दाम सांगा. जमलं तर साध्या वेषात या, सायरन बंद ठेवा, अशी विनंतीही करा. नेहमी मानतातच असं नाही, पण मी एकदा मानलेली पाहिली आहे आणि त्याने बराच फरक पडला.

माणूस दुसऱ्या गावी एकटा राहत असेल तर तुमच्या फोनपेक्षा त्याच्या शेजाऱ्याचं, घरमालकाचं दार लवकर वाजतं. हे नंबर आजच घेऊन ठेवा. आणि त्याच्याशी बोलणं चालू असेल तर ते तोडू नका. दुसऱ्या फोनवरून दुसऱ्या कुणाला तरी मदत मागवू द्या.

मदत येईपर्यंत

एकानेच बोलायचं. घरातले सगळे एकदम समजावू लागले की घाबरलेल्या माणसाला तो जमाव वाटतो. टीव्ही बंद करा, मुलांना शेजारी पाठवा. त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभं राहू नका. कोंडल्यासारखं वाटलं की माणूस धक्का देऊन निघतो. तुमच्यामागेही बाहेर पडायला वाट मोकळी हवी. औषधं, कीटकनाशकं, दोऱ्या, सुऱ्या, खोलीची चावी हे सगळं गाजावाजा न करता एकाने उचलून घराबाहेर ठेवायचं. कपाटावर ठेवून भागत नाही.

भ्रम असेल तर वाद घालायचा नाही आणि होला होही करायचं नाही. "कोण मारणारे तुला, वेडा आहेस का?" म्हटलं की तुम्हीही कटातले ठरता. "हो रे, ते आलेच आहेत" म्हटलं की भीती दुप्पट. माझ्या वहिनीला जे जमतं ते मला अजून जमत नाही. ती दादापासून दोन हात अंतरावर जमिनीवर बसते आणि हळू आवाजात म्हणते, "मला ते आवाज येत नाहीत. पण तुम्ही घाबरलाय हे दिसतंय. मी इथंच बसलेय." मग गप्प बसते. पाच मिनिटं, कधी दहा. आपल्याला ती शांतता सोसत नाही म्हणून आपण बोलत सुटतो.

त्याने काही गिळलं असेल तर ओकारी काढायला जाऊ नका, मिठाचं पाणी पाजू नका. काय घेतलं, किती, किती वाजता, हे चिठ्ठीवर लिहा आणि डबी, पाकीट, बाटली जे असेल ते सोबत न्या. माणूस चालतो-बोलतो आहे म्हणून घरीच थांबू नका. काही विषारी गोष्टींचा परिणाम दिसायला तास, कधी दिवस लागतात, आणि उपचाराची खरी वेळ त्याआधीचीच असते.

आणि कुणीतरी म्हणेलच की हे "बाहेरचं" आहे. त्या रात्री त्यांच्याशी भांडायची ताकद खर्च करू नका. "आधी दवाखाना, मग तुमचं बघू," म्हणायचं आणि गाडी काढायची.

आधी शरीर तपासून घ्या

हे सांगायला फार कमी जण असतात. अचानक, एक-दोन दिवसांत माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागला आणि पूर्वी असं कधी झालेलं नाही, तर मनोरुग्णालयाच्या आधी सर्वसाधारण रुग्णालय. रक्तातली साखर उतरणं, मेंदूपर्यंत गेलेला ताप, डोक्याला मार, म्हाताऱ्या माणसाचं सोडियम कमी होणं, लघवीतला जंतुसंसर्ग, ही सगळी कारणं वेड लागल्यासारखी दिसतात. रोज पिणाऱ्याने दारू एकदम सोडली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरणं, घाम, भिंतीवर किडे दिसणं, झटके येणं असं होऊ शकतं. त्यात जीवही जाऊ शकतो. "बरं झालं सोडली" म्हणत घरी ठेवू नका. मधुमेह आहे का, दारू शेवटची कधी घेतली, पडला होता का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.

छातीत धडधड, श्वास कोंडणं, आता मरतो असं वाटणं हा पॅनिक अटॅकही असू शकतो. पण पहिल्यांदाच होत असेल तर ते घरी ठरवू नका, ईसीजी काढा.

कॅज्युअल्टीत

जवळचं सरकारी रुग्णालय, शक्यतो जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचं, कारण तिथे मानसोपचार विभाग असण्याची शक्यता जास्त. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, पण विषबाधा किंवा जखम असलेल्या माणसाला थेट तिथे नेऊ नका. खासगी रुग्णालय जवळ असेल तर तिथे जा. आधी पोलिसांकडे जा मग हात लावतो, असं कुणी म्हणालं तर ते चुकीचं आहे. तातडीचे उपचार देणं सरकारी काय, खासगी काय, प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे आणि त्यासाठी पोलिसांच्या सोपस्कारांची वाट पाहायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलं आहे.

आता ते वाक्य. दुसऱ्या वेळी दादाला घेऊन गेलो तेव्हा काउंटरवर आई बोलली. तिने पिशवीतून वहीचं घडी घातलेलं पान काढलं, चष्मा लावला आणि वाचलं: "जीव देतो असं आज तीनदा म्हणाला. कसा ते ठरवलंय. चार रात्री झोप नाही. कानात आवाज येतात, ते हुकूम करतात. गोळ्या बावीस दिवस बंद. मागच्या वर्षी प्रयत्न केला होता. याला घरी सांभाळणं आम्हाला शक्य नाही." मागे रांग होतीच. तिचा आवाज जरा कापला, पण तिने शेवटपर्यंत वाचलं. डॉक्टरांनी केस पेपर बाजूला ठेवून मानसोपचार विभागाच्या डॉक्टरांना फोन लावला.

त्या पानावरचं शेवटचं वाक्य मुद्दाम ध्यानात ठेवा. "घरी सांभाळणं शक्य नाही" हे तुम्ही सांगितलं नाही तर डॉक्टर गृहीत धरतात की शक्य आहे. एवढं सांगूनही घरी पाठवू लागले तर शांतपणे म्हणा, "मानसोपचार तज्ज्ञांनी बघितल्याशिवाय आम्ही जाणार नाही. आणि नेणं सुरक्षित आहे असं वाटत असेल तर तसं केस पेपरवर लिहून द्या." आवाज चढवू नका. आवाज चढला की मुद्दा मागे पडतो आणि सिक्युरिटी पुढे येते.

आत्महत्येचा प्रयत्न असेल तर रुग्णालय एमएलसी (पोलिसांना कळवायच्या केसची नोंद) करेल आणि पोलिस जबाब घ्यायला येतील. त्या भीतीने "चुकून घेतलं" असं सांगणारी घरं मी पाहिली आहेत, आणि त्यामुळे मानसोपचार तज्ज्ञाला बोलावणंच राहून जातं. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५नुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं असतं आणि त्याला शिक्षा करायची नसते. जुन्या दंडसंहितेतलं कलम ३०९ही १ जुलै २०२४पासून नव्या न्याय संहितेत राहिलेलं नाही. जबाब द्या, खरा द्या.

शांत करणारं इंजेक्शन देतील. त्यानंतर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत मान एका बाजूला वळून आखडली, डोळे वर चढले, जबडा अडकला, तर घाबरू नका आणि घरी चोळतही बसू नका. काही औषधांचा तो ज्ञात दुष्परिणाम आहे, त्यावरच्या उताऱ्याच्या इंजेक्शनने लवकर उतरतो. ताबडतोब त्याच रुग्णालयात परत जा. श्वासाला किंवा गिळायला त्रास असेल तर १०८.

तो यायलाच तयार नसेल तर

दोनच पर्याय द्या, दोन्ही मदतीचे: "आत्याबरोबर येतोस की माझ्याबरोबर?" "रिक्षाने जायचं की गाडीने?" आजार मान्य करायला लावू नका. झोप नाही हे तर त्यालाही मान्य असतं, तेवढ्यावरही माणूस डॉक्टरकडे येतो. पण फसवून, लग्नाला जाऊ म्हणून नेऊ नका. पुढच्या वेळी तुमच्यावर विश्वास ठेवणारं कुणी उरत नाही.

हे जमलं नाही आणि जीवाला धोका असेल तर कायदा तुमच्या बाजूने आहे. २०१७च्या त्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९४नुसार, जीव वाचवण्यासाठी किंवा स्वतःला-दुसऱ्याला गंभीर इजा टाळण्यासाठी कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार देऊ शकतो, रुग्णालयात किंवा बाहेरही. नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे आजारपणात रुग्णाच्या वतीने बोलायला ठरवलेला माणूस, हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. ही मुभा ७२ तासांपर्यंत किंवा मानसिक आरोग्य संस्थेत तपासणी होईपर्यंत, यांतलं जे आधी होईल तोवर. जवळच्या संस्थेत नेणंही त्यात येतं, विजेचे उपचार मात्र येत नाहीत.

कलम १०० पोलिसांसाठी आहे. मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका आहे असं मानायला कारण असलेल्या माणसाला पोलिस ठाण्याच्या प्रमुखाने संरक्षणात घ्यायचं आणि लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत, जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं. लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, कुठल्याही परिस्थितीत नाही. ठाण्यात कुणी "हा घरगुती मामला आहे" म्हणालं तर कलमाचा आकडा सांगा. आकडा ऐकला की बोलण्याचा सूर बदलतो.

दोरखंड घेऊन येणाऱ्या खासगी गाड्यांपासून लांब राहा. "आम्ही उचलून नेतो, तुम्ही फक्त पत्ता द्या," असं म्हणणारे भेटतात. मानसिक आजारी माणसाला साखळीने बांधणं कायद्याने पूर्ण बंद आहे. कुठे नेणार, तिथे मानसोपचार तज्ज्ञ कोण, संस्था नोंदणीकृत आहे का, याची उत्तरं नसतील तर दार लावून घ्या.

भरती करायला न्यायालयाचा आदेश लागतो, हा समज १९८७च्या जुन्या कायद्याच्या काळातला. आता तो स्वतः सही करून दाखल होऊ शकतो. त्याची तेवढी अवस्था नसेल तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर कलम ८९खाली ३० दिवसांपर्यंत. त्याआधी दोघा तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासायचं असतं आणि त्यातला एक मानसोपचार तज्ज्ञ असावा लागतो.

घरी आल्यावर

डिस्चार्जनंतरचा पहिला आठवडा, पहिला महिना हा सगळ्यात नाजूक काळ. घरच्यांना वाटतं सुटलो, नातेवाईक पेढे घेऊन येतात, आणि नेमका तेव्हाच आत्महत्येचा धोका जास्त असतो. म्हणून रुग्णालयातून निघण्याआधीच पुढच्या भेटीची तारीख घ्या, सात दिवसांच्या आतली. कुठली गोळी कधी थांबवायची नाही, आणि डोस चुकला तर काय करायचं, हे लिहून घ्या. गोळ्या एकाच्या ताब्यात, आठवड्यापुरत्याच घरात. बाहेर ठेवलेली कीटकनाशकं परत घरात येऊ देऊ नका.

तो बरा असताना, चहा घेताना वगैरे, त्याच्याशी बसून पुढच्या वेळचं ठरवा. नामनिर्देशित प्रतिनिधी नेमायला साधा कागद पुरतो, त्यावर त्याची सही किंवा अंगठा हवा. कुणाला बोलवायचं, कुणाला अजिबात नाही, कुठलं औषध सोसलं नाही, हेही त्यालाच विचारा. आमच्या दादाने सांगितलं की मामांना बोलावू नका, ते रडतात आणि मग मलाच त्यांना समजवावं लागतं. आम्ही प्रत्येक वेळी आधी मामांनाच फोन करत आलो होतो.

आईचं ते पान आता कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे: नंबर, पत्ता, औषधांची नावं आणि डोस, कधीपासून, डॉक्टर कोण, कशाची ॲलर्जी, आधी काय घडलं होतं. डोस बदलला की दादा स्वतःच जुना आकडा खोडून नवा लिहितो आणि शेजारी तारीख टाकतो.